"शरीरात धातू आहे का?" – सगळे "नाही"च म्हणतात. एमआरआयवाल्यांनो, तुम्ही काय विचारता?

टेस्लाभाऊ (धागाकर्ता) – रविवार, रात्री ११.१०

नागपुरात धंतोलीतल्या एका सेंटरला एमआरआय टेक्निशियन आहे, आठ वर्षं झाली. परवाचा किस्सा आधी सांगतो, प्रश्न मग.

कंबरदुखीचे काका, वय पंचावन्नच्या आसपास, सोबत मुलगा. फॉर्म भरून आलेला. पेसमेकर नाही, मेंदूत क्लिप नाही, कानात मशीन नाही, शरीरात धातू नाही. "नाही"च्या रकान्यात टिका सुद्धा नाहीत, वरून खालपर्यंत एकच रेघ ओढलेली. कपडे बदलून झाले, खिसे बघितले, टेबलावर घेतलं. उशी सरकवताना सहज विचारलं, "काका, काम काय करता?"

"हिंगण्याले होतो ना, ग्राइंडरवर. बावीस वर्षं."

"डोळ्यात कधी कण गेला?"

"तं गेला ना! दोन-तीनदा काढला. एक डाक्टर म्हणे थोडासा आत राह्यला, त्रास नाही देत तं राहू द्या."

टेबल तिथेच थांबवलं, काकांना बाहेर आणलं. डॉक्टर मॅडमना विचारून डोळ्यांचा एक्सरे केला. उजव्या डोळ्यात ज्वारीच्या कण्याएवढा पांढरा ठिपका. एमआरआय रद्द, सीटी करायचं ठरलं. मुलगा माझ्यावर भडकला: "दुखते कंबर अन् एक्सरे डोळ्याचा काहून काढून राहिले तुमी? बिल वाढवाले?"

त्याचंही खोटं नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कंबर मध्यभागी असली तरी डोकं चुंबकाच्या तोंडाशीच असतं, आणि लोखंडाचा कण तिथे नुसता फिरला तरी डोळा जाऊ शकतो.

तर प्रश्न असा: दिवसाला पंचवीस पेशंट, प्रत्येकामागे बोलायला चार मिनिटं. त्या चार मिनिटांत खरं उत्तर मिळावं म्हणून तुम्ही काय विचारता, कसं विचारता? फॉर्मवर माझा भरवसा उरलेला नाही.

तर्रीपोहे – ११.२५

टिका न मारता रेघ ओढणारे आम्हीच. बँकेत, सोसायटीत, शाळेत, सगळीकडे. तुमचा फॉर्म तेवढा वेगळा आहे हे आम्हाला कसं कळणार भाऊ?

क्षकिरण_काकू – ११.५२

टेस्लाभाऊ, आधी तो "धातू" शब्द फेकून द्या. एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, त्यातली शेवटची बारा एमआरआयवर. भंडाऱ्याकडचे एक काका होते. मी विचारलं, "शरीरात धातू आहे का?" काका लाल झाले, खाली बघत म्हणाले, "मॅडम, जायची तक्रार होती, पण आता दवा सुरू आहे." बाजूला त्यांचा जावई उभा! त्या दिवसापासून मी "लोखंड, तार, रॉड, स्क्रू, छर्रा, मशीन" असंच विचारत आले.

दुसरा शब्द "ऑपरेशन". अँजिओप्लास्टी झालेला माणूस ऑपरेशन नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी ऑपरेशन म्हणजे पोट फाडणं. त्यानं तर "फक्त स्प्रिंग बसवली". म्हणून मी विचारायचे, "कधी रात्रभर दवाखान्यात राहिलात का? कशासाठी?" मग सगळी कुंडली निघते. बहुतेक स्टेंट चालतात, पण कोणता, कधी बसवला ते कार्डावर बघायचं, अंदाजानं नाही.

आणि बायकांना सासू-नवऱ्यासमोर विचारू नका. तांबी बसवलेली असते, घरी माहीत नसतं. तांब्याला चुंबक ओढत नाही, तांबी असली तरी बहुतेकदा एमआरआय होतो, पण बाई एका प्रश्नाला खोटं बोलली की पुढच्या सगळ्यांना तशीच उत्तरं देते. पडद्याआड नेऊन विचारायचं.

तर्रीपोहे – ११.५८

"जायची तक्रार होती". हहपुवा (हसून हसून पुरे वाट). बायको विचारते आहे रात्री बारा वाजता काय हसतो.

पुणेरी_शंकासुर – सोमवार, सकाळी ७.४०

एक बाळबोध शंका. पेशंट आत जाईपर्यंत चुंबक बंद ठेवता येत नाही का? स्कॅन सुरू करताना चालू करायचं. म्हणजे निम्मे प्रश्न मिटले.

टेस्लाभाऊ – ८.१५

@पुणेरी_शंकासुर, बाळबोध नाही, सगळ्या अपघातांचं मूळ हीच समजूत आहे. चुंबक कधीच बंद नसतं. रात्री, रविवारी, दिवाळीला, महावितरणची लाइन गेली तरी.

आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं आहे, ते द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं, उणे २६९ अंशांवर. त्या थंडीत तारेचा विरोध शून्य होतो. एकदा वीज भरली की ती वर्षानुवर्षं गोल फिरत राहते, बाहेरून वीज द्यावी लागत नाही. लाइन गेली की कन्सोल बंद, पंखे बंद, आतला दिवाही बंद. माणसाला वाटतं मशीन मेली. आणि ती १.५ टेस्लाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त ताकदीची, तिथे गुपचूप बसलेली असते. खटखट आवाज येतो तो स्कॅनच्या वेळचा, क्षेत्र भराभर बदलणाऱ्या ग्रेडियंट कॉइलचा. आवाज नाही म्हणजे चुंबक नाही असं नाही.

भौतिकी_मास्तर – ९.३०

टेक्निशियन नाही, बारावीला फिजिक्स शिकवतो, पण राहवत नाही.

लोकांना वाटतं चुंबकाची ओढ लांबून हळूहळू जाणवायला लागेल, मग आपण मागे सरकू. तसं होत नाही. लोखंडाला ओढणारं बल नुसत्या क्षेत्रावर नाही, क्षेत्र किती झपाट्यानं बदलतं त्यावरही ठरतं. हल्लीच्या मशीनला बाहेरचं क्षेत्र आवळून धरणारी उलटी कॉइल असते, म्हणजे दारात जवळपास काही नाही आणि तोंडाशी एकदम सगळं. दोन पावलांचा फरक. हातातली कात्री एका पावलाला नुसती जड वाटते, पुढच्या पावलाला हातात नसते.

आता चित्र कसं येतं ते. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन, त्याचं केंद्रक म्हणजे एक भोवरा समजा. चुंबकात हे भोवरे घुमत डुलायला लागतात, एका टेस्लाला सेकंदाला ४.२५८ कोटी वेळा. १.५ टेस्लाला साधारण ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाला १२८. एफएमचा पट्टा ८८ ते १०८, म्हणजे बरोबर दोघांच्या मध्ये. त्याच सुराची रेडिओलहर दिली की भोवरे कलंडतात, परत सावरताना स्वतःच रेडिओ बनतात, अंगाजवळची कॉइल (म्हणजे अँटेनाच) ते ऐकते. चरबीतले लवकर सावरतात, पाण्यातले उशिरा, त्यावरून काळं-पांढरं ठरतं. गंमत म्हणजे १.५ टेस्लाला दहा लाखांतले जेमतेम पाच भोवरेच आपल्या कामाचे असतात, बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. शरीरात पाणीच इतकं की पाचांवर भागतं.

लाउटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना यासाठी २००३ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. नावात आधी "न्यूक्लिअर" होतं, ते लोक घाबरतात म्हणून गळालं.

बुटीबोरीचा_बिट्टू – १०.०५

मास्तर, मले बारावीले तुम्ही असते तं मी आज बुटीबोरीच्या एमआयडीसीत नसतो.

वर्धारोड – १०.४०

वेगळं मत मांडतो. सेंटरवाले घाबरवतात जरा जास्तच. माझ्या आईला गुडघ्याच्या एमआरआयला मंगळसूत्र काढायला लावलं. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे शाळेतलं पोरगं सांगेल. आई रडली. वडील हयात आहेत, तिनं ते पन्नास वर्षांत काढलं नव्हतं. एका महिन्यापूर्वी दुसऱ्या सेंटरला तसंच चाललं होतं.

टेस्लाभाऊ – ११.२०

@वर्धारोड, सोनं चिकटत नाही, बरोबर. पण मण्यांच्या आतली तार सोन्याची आहे का? हूकमधली स्प्रिंग? ते माझ्या डोळ्याला कळत नाही. दुसरं, रेडिओलहरीनं धातूची साखळी तापू शकते, सोनं असो की पितळ. आणि मानेचा स्कॅन असला तर चित्रात तिथे काळं भगदाड.

मात्र "काढा" असं खिडकीतून ओरडणारे आहेत, ते चूकच.

क्षकिरण_काकू – दुपारी १२.३०

+१. माझ्या टेबलाच्या खणात सुताचा दोरा आणि हळदीची डबी कायम असायची. मंगळसूत्र काढायच्या आधी दोरा हळदीत बुडवून बाईच्याच हातात द्यायचा, तिनं तो गळ्यात बांधायचा, मग मंगळसूत्र मुलीच्या ओटीत. अर्धा मिनिट. बारा वर्षांत एकीनंही वाद घातला नाही. खण उघडून बघणारे इंजिनिअर मात्र विचारायचे, हे कुठल्या कंपनीचं?

वर्धारोड – १२.४५

हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, त्या बाईंना नमस्कार सांग.

रात्रपाळी_सिस्टर – दुपारी ३.१०

तुम्ही सगळे पेशंटच्या मागे लागलात. माझ्या अनुभवात पेशंटपेक्षा आपलीच माणसं जास्त धोकादायक. पेशंटला निदान कोणी तरी विचारतं. मला कोण विचारतं? खिशात कात्री, कमरेला किल्ल्या, डोक्यात पिना, आणि पेशंट निळा पडला की मी धावणार.

२००१ साली न्यूयॉर्कजवळ सहा वर्षांचा मुलगा गेला, तो असाच. त्याला ऑक्सिजन कमी पडला म्हणून सिलिंडर आत आणला गेला. २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीनच्या मध्ये चार तास अडकले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ३२ वर्षांचा तरुण गेला, तो तर पेशंटही नव्हता, नातेवाईक. हातात सिलिंडर दिला गेला आणि मशीन बंद आहे असं सांगितलं, असा घरच्यांचा आरोप होता. तिन्ही ठिकाणी तोच ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि तिन्ही ठिकाणी मदत करायलाच आणलेला.

आमच्याकडे (नाव नको) नवीन सफाईवाले मामा लोखंडी बादली आणि पोछा घेऊन पहाटे चारला आत शिरत होते. दार उघडं, टेक्निशियन चहाला. मी ओरडले म्हणून थांबले. म्हणाले, "सिस्टर, लाइट तं बंद आहे आतला."

टेस्लाभाऊ – ३.३०

सिस्टर, अंगावर काटा आला. एक भर घालतो: एमआरआयला एक्सरेसारखे किरण नाहीत, म्हणून एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन नाही, छातीवर किरण मोजणारा बॅज नाही. त्याचा अर्थ मामांपासून मालकापर्यंत सगळे एकच काढतात, की इथे धोका नाही. एक्सरे रूमच्या दाराला लोक दचकतात, आमच्या दारात डबा खातात.

शंखपाणी – सायं. ४.१५

पण लाल बटण असतं ना? अडकलं काही तर दाबायचं.

चिलरवाला – ५.००

सर्व्हिसमध्ये आहे, त्यामुळे या बटणावर मीच बोलतो. त्याला क्वेंच म्हणतात. दाबलं की हेलियम उकळून वायू होतो, एका लिटरचे सातशेहून जास्त लिटर. छतातला पाइप नीट असेल तर बाहेर जातो. पाइपात कबुतराचं घरटं असेल तर खोलीत येतो, आणि ऑक्सिजनला हाकलून देतो. आतली हवा फुगली की आत उघडणारं दार उघडतही नाही. म्हणजे वाचवायला गेलेले गुदमरणार. शिवाय क्षेत्र उतरायला मिनिटाच्या वर जातं. म्हणून फक्त माणूस चिरडला जात असेल तरच. खुर्ची चिकटली, सिलिंडर रिकामा चिकटला, तर हात लावू नका, फोन करा. नवी मुंबईत बटण होतं, पण चाललं नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तुमच्याकडचं शेवटचं कधी तपासलं, विचारा मॅनेजरला. चेहरा बघण्यासारखा होतो.

अवांतर: नागपूरचा मे महिना म्हणजे आमचा सीझन. बाहेर ४५-४६, चिलर (मशीनसाठी पाणी गार करणारं यंत्र) गच्चीवर उन्हात. चिलर बसला की हेलियम थंड ठेवणारा कॉम्प्रेसर बसतो, आणि हेलियमचा आकडा उतरायला लागतो. एका सेंटरला चिलरवर बर्फाच्या लाद्या ठेवलेल्या बघितल्या आहेत. कूलरची ताटीसुद्धा.

तर्रीपोहे – ५.१०

उणे २६९ अंशांच्या मशीनला कूलरची ताटी. हे फक्त आपल्याकडेच.

रात्रपाळी_सिस्टर – ५.४०

@शंखपाणी, पेशंटचं हृदय थांबलं तरी बटण नाही. टेबल ओढायचं, छाती दाबत दाबत बाहेर आणायचं, दार लावून एकाला दारावर उभं करायचं, आणि मग बाहेरच्या खोलीत पुढचं सगळं. कारण कोडची टीम, म्हणजे हृदय थांबलं की बोलावतात ती, लॅरिंगोस्कोप, सिलिंडर, डिफिब्रिलेटर घेऊन पळत येते आणि त्या घाईत कोणाला चुंबक आठवत नाही.

चांद्याची_पोर – रात्री ९.२०

मी टेक्निशियन नाही, पेशंटची आई. चंद्रपूरहून. मुलाला सिकलसेल आहे, वय अकरा. मांडी दुखते म्हणून लंगडायला लागला. एक्सरे चांगला होता, तरी डॉक्टर म्हणाले खुब्याचा एमआरआय करा, हाडाचा रक्तपुरवठा बंद झाला असेल तर तो एमआरआयला आधी दिसतो.

पहिल्या ठिकाणी त्याला "हलायचं नाही" एवढंच सांगून आत घातलं. तो घाबरला, ओरडला, बाहेर काढलं. "बेशुद्ध करावं लागेल, वेगळे पैसे." आम्ही परतलो.

दुसऱ्या ठिकाणी एक दादा होते. त्यांनी आधी त्याला काचेतून दुसऱ्या पेशंटचा स्कॅन दाखवला. मोबाइलवर तो आवाज ऐकवला. म्हणाले, "आधी टकटक, मग बंदुकीसारखा, मग रेल्वेसारखा. रेल्वे आली की समज संपत आलं." हातात रबराचा फुगा दिला, म्हणाले दाबला की मी लगेच येतो, आणि दोनदा दाबून आले सुद्धा. त्याला पाय आधी आत घातलं, डोकं जवळपास बाहेरच. माझे खिसे, पिना, जोडवी, सगळं तपासून मला आत बसू दिलं, कानात बोळे घालून. प्रत्येक वेळी माइकवर सांगायचे, "आता चार मिनिटांचा आहे बेटा." वीस-पंचवीस मिनिटं पोरगं हललं नाही.

लवकर सापडलं म्हणून वजन टाकणं थांबवलं आहे, उपचार सुरू आहेत. मशीन दोन्हीकडे सारखीच होती.

टेस्लाभाऊ – ९.४५

ताई, धन्यवाद. "रेल्वे आली की संपत आलं" उद्यापासून वापरणार.

पुणेरी_शंकासुर – १०.०५

एमआरआयच्या वेळी देतात ते नसेतलं इंजेक्शन किडनी खराब करतं म्हणतात, खरं का?

क्षकिरण_काकू – १०.३०

चांगल्या किडनीची नाही करत. ते गॅडोलिनियम. किडनी आधीच फार खराब असेल, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) तीसच्या खाली, तर जुन्या प्रकारच्या औषधानं कातडी टणक होण्याचा आजार व्हायचा. नव्या, पिंजऱ्यासारख्या रचनेच्या औषधांत तो धोका अगदीच कमी. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन मागतात, त्यावरून किडनी कळते. गरोदर बाईला शक्यतो देत नाहीत.

आता एक माझ्याकडून, भाजण्याबद्दल. कोणीच बोललं नाही. आपल्याकडचे पेशंट आत जाताना काय करतात? डोळे मिटून छातीवर हात जोडतात. गजाननाचं नाव घेत. जोडलेले हात म्हणजे बंद कडं, त्यातून रेडिओलहरीची वीज फिरते आणि बोटं टेकतात तिथे चटका बसतो. मांडीला मांडी लागली तरी तेच. हात सोडवा, मध्ये पॅड ठेवा, कॉइलची वायर अंगावर गुंडाळू देऊ नका. मी सांगायचे, "बाबा, नाव मनात घ्या, हात बाजूला." आणि तो काळा दोरा, ताईत, करदोटा. ताईताच्या आत पत्रा असतो.

तर्रीपोहे – १०.४०

आणि खर्रा? आपली घोटलेली सुपारी-तंबाखू?

टेस्लाभाऊ – १०.५५

खर्ऱ्यावर वेगळा धागा काढावा लागेल. मेंदूचा स्कॅन, पाचव्या मिनिटाला फुगा दाबला. पळत गेलो. डोक्यावर कॉइल, भाऊ काही बोलेना, नुसता गालाकडे बोट. थुंकायचं होतं! तेव्हापासून "तोंड उघडा" हाही प्रश्न आहे. त्यात कवळीही सापडते. आणि खर्ऱ्यानं ज्याचं तोंड दोन बोटंच उघडतं त्याला गुंगी द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगतो, श्वासाची नळी घालायची वेळ आली तर तेच अडतात.

हिशेबी – मंगळवार, सकाळी ८.००

मी एका सेंटरचा हिशेब बघतो, म्हणून कटू बोलतो. चार मिनिटांची सहा केली तर पंचवीसचे बावीस होतात. मालक तुमच्या हळदीला हो म्हणेल, वेळेला नाही.

क्षकिरण_काकू – ८.२५

मग वेळ टेबलावर का मोजता? बाहेर बाकड्यावर पेशंट तासभर बसलेलाच असतो. तिथे विचारा. आमच्या आयाबाई विचारायच्या, माझ्यापेक्षा जास्त काढून आणायच्या. एकदा येऊन सांगितलं, "मॅडम, त्या आजोबाच्या मांडीत छर्रे हायेत, डुकराच्या शिकारीतले. तुमाले नाही सांगनार ते, मले सांगितलं."

भौतिकी_मास्तर – ९.१०

छर्रे शिशाचे की पोलादाचे त्यावर आहे. शिसं ओढलं जात नाही. आपल्या एक-दोन रुपयांच्या स्टीलच्या नाण्यांना मात्र चुंबक छान ओढतं, मुलांना दाखवतो मी. स्वयंपाकघरातल्या स्टीलचं तर काही खरं नाही, एक चमचा चिकटतो, एक नाही.

टेस्लाभाऊ – रात्री १०.५०

आज मॅनेजरशी बोललो. वेळ वाढणार नाही, पण काकूंची बाकड्याची युक्ती त्यांना पटली, कारण फुकट आहे. आमच्या मावशींना मी बसून शिकवतोय. फॉर्मचा पहिला प्रश्न आता "काम काय करता, आधी काय करायचे?" त्यात वेल्डिंग, ग्राइंडर, लेथ आलं की सरळ माझ्याकडे. "धातू" गेला. "ऑपरेशन"च्या जागी "दवाखान्यात रात्रभर कधी राहिलात". वजनाचा काटा दारातच ठेवला, कारण आजवर आम्ही डोळ्यानं बघून "साठ लिही" करत होतो, आणि शरीर किती तापेल हे मशीन त्याच आकड्यावर काढतं. रेघ ओढलेला फॉर्म परत. मेसेज टाकला आहे की मामा, इलेक्ट्रिशियन, एसीवाला, कोणीही किल्ली माझ्याकडून घेतल्याशिवाय आत नाही. सिस्टर, हा तुमच्यामुळे.

काकांचं सीटी झालं. मणक्यातली गादी सरकली आहे. मुलगा फिल्म घ्यायला आला तेव्हा काही बोलला नाही, जाताना दारातून म्हणाला, "भाऊ, मी पण ग्राइंडरवरच आहे." चष्मा लावतोस का विचारलं. हसला.

वर्धारोड – बुधवार, दुपारी १.१५

आज आईचा दुसऱ्या गुडघ्याचा एमआरआय होता. हा धागा वाचून मीच टेक्निशियनला म्हणालो, सगळं नीट विचारा, मी बाहेर थांबतो. पाच मिनिटांनी ती पोरगी बाहेर आली, चेहरा कसाबसा गंभीर ठेवून म्हणाली, "काका, आजींना तांबी आहे. म्हणतात, काढायची राहूनच गेली."

आई ६९ वर्षांची आहे. मी धाकटा, ४१ चा.

तर्रीपोहे – १.१६

बायको पुन्हा विचारतेय काय हसतो.